जगुलीवरची सरळ रेघ

“मुट्टबेडा! हात लावशील तर बोटं छाटीन! शिंप्याचा पोर ना तू? लोकांच्या कमरा मोजायच्या सोडून माझ्या दारात काय मोजतोस?” पार्वतम्मा ओरडत होती. सकाळचे सात वाजले होते. तिच्या दारातल्या जगुलीपाशी मी उकिडवा बसलो होतो. टेपचं एक टोक माझ्या हातात, दुसरं माझा वर्गमित्र देसाई याच्या हातात, आणि आमच्या मधोमध पार्वतम्मा, पदर खोचून, फुलांची पाटी कमरेवर घेऊन उभी. तिनं सुरुवात कन्नडमध्ये केली, माझ्या शिक्षणाचा उद्धार तेलुगूतून केला, माझ्या पूर्वजांना तमिळमध्ये गाठलं आणि देसाई पाहुणा म्हणून माझ्या आईकडून शिकलेली दोन मराठी वाक्यं शेवटी त्याच्या पदरात घातली. त्या आवाजानं मार्केटच्या छपरावरची कबुतरं उडाली ती तीन दिवस परतली नाहीत. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा. एवढ्यानंही टेप हलेना, तेव्हा तिनं फुलं भिजवलेलं पाणी आमच्या अंगावर ओतलं. त्या दिवशी कॉलेजात सगळे विचारत होते की देवळातून आलात काय.

जगुली म्हणजे घराच्या दाराबाहेर, रस्त्याला लागून असलेला दगडी कट्टा. बेंगळुराच्या जुन्या पेटेत आमची गल्ली होती आणि गल्लीतल्या एकोणीस घरांना एकोणीस जगुल्या होत्या. गल्ली इतकी अरुंद, की समोरच्या खादरमियाँना जांभई आली तर आमच्या घरातल्या माणसानं तोंडावर हात धरावा. खादरमियाँ जगुलीवर पुस्तकांची बांधणी करायचे, त्यांच्या खळीच्या डब्याला माशा नि मांजरं दोन्ही चिकटत. आमच्या शेजारी नंजुंडशेट्टी, गुळाचे व्यापारी, ढेपांच्या राशीत असे बसायचे की त्यातली ढेप कुठली आणि शेट्टी कुठले हे नव्या गिऱ्हाइकाला कळत नसे. पार्वतम्मा फुलं ओवायची. आणि आमच्या जगुलीवर अप्पा, माझे वडील, पायमशीन घेऊन बसायचे. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी फौजेबरोबर या मुलखात आले, असं घरात सांगतात. फौजेला कपडे लागतात, त्यामुळे तलवारवाले परत गेले आणि सुईवाले राहिले, एवढाच आमचा इतिहास. मराठी घरात, कन्नड उंबऱ्याबाहेर, आणि उंबऱ्यावर दोन्हीची भेळ.

अप्पांच्या मशीनचा आवाज हेच आमच्या घरातलं घड्याळ. संथ चाललं असेल तर कोट, भरधाव चाललं असेल तर परकर, आणि थांबलं असेल तर गिऱ्हाईक उभं. गल्लीच्या कोपऱ्यावर माणूस वळताना दिसला की तो पोचेपर्यंत अप्पांनी त्याच्या कोटाचं कापड मनातल्या मनात बेतलेलं असायचं. “या, या, पोट वाढलं की रावसाहेब,” एवढं बोलून ते टेप गळ्यातून काढत, आणि आकडा त्यांना आधीच माहीत असे. ही करामत फक्त जगुलीवरच चालायची, कारण उजेड तिथंच. आमच्या घराला पुढचं दार आणि मागचं परसू सोडलं तर उजेडाशी काही देणंघेणं नव्हतं. भर दुपारी आत सुईत दोरा ओवायचा म्हटलं तर अक्कासुद्धा, म्हणजे माझी मोठी बहीण, उठून दाराशी यायची. ती कोटांची काजं करायची. थंडीत मशीनशेजारी बसून मांडीवर भिजवलेले अवरेकाळू, म्हणजे पावट्याचे दाणे, सोलायची; एका चिमटीत साल उडायचं, ते नेमकं माझ्या वहीवर पडायचं. हुळीला, म्हणजे आमच्या आंबट आमटीला, फोडणी पडली की कढीपत्ता, खादरमियाँची खळ आणि शेट्टींचा गूळ यांचा मिळून एक वास यायचा. तो मला आजही कुठं येतो का म्हणून मी नाक वर करून हिंडतो आणि माझी सून मला सर्दीचं औषध देते.

अशा घरातून मी वास्तुकला शिकायला गेलो. वर्ग नवीनच निघाला होता. आमचे सर परदेशात शिकून आलेले, पांढराशुभ्र बुशशर्ट घालायचे, त्याला एक सुरकुती नाही. त्यांना सुरकुती कुठलीच चालत नसे. शर्टाला नाही, भिंतीला नाही, रस्त्याला तर मुळीच नाही. “सरळ रेघ ही बुद्धीची सही आहे,” ते म्हणायचे, आणि ज्याची रेघ वाकडी आली त्याच्या बोटांवर पट्टी बसायची. नवं शहर कसं असावं हे दाखवायला ते आम्हाला राजाजीनगरात घेऊन गेले. तिथं तेव्हा रस्ते आधी आणि माणसं मागाहून येत होती. काटकोनात आखलेले रस्ते, सावली नाही, बसायला जागा नाही, नजर पोचेल तिथवर चौकोन. मी भारावून गेलो. खोटं कशाला सांगू, मला ते आमच्या गल्लीपेक्षा देखणं वाटलं.

मग वर्षभर त्यांनी आम्हाला अख्ख्या मुलखात फिरवलं. किनाऱ्यावर कौलारू छपरं इतकी खाली आलेली की घरात शिरताना आपोआप नमस्कार घडावा. मलनाडात सुपारी वाळवायची अंगणं घराहून मोठी. उत्तरेला काळ्या मातीत धाब्याची घरं, तिथं देसायाच्या मावशीनं आम्हाला ज्वारीच्या भाकऱ्या वाढल्या. मी एकट्यानं एकवीस खाल्ल्या आणि बाविसावीच्या वेळी मावशी आतून दार लावून बसली. देसाई माझ्या मराठीला हसायचा. “तुझी मराठी म्हणजे सांबारात पडलेली पुरणपोळी आहे,” म्हणायचा. मी म्हणायचो, “आणि तुझी? नुसतं सारण, पोळीचा पत्ता नाही.” त्या वर्षात एक गोष्ट मी टिपून ठेवली होती. गाव कुठलंही असो, भाषा कुठलीही असो, घर आणि रस्ता यांच्या मध्ये एक जागा असायचीच, बसायची. दर तालुक्याला तिचं नाव निराळं. त्यावर मी सहा पानं लिहिली. इतकी शहाणपणाची सहा पानं मी पुढं जन्मात लिहिली नाहीत, आणि नंतर जे केलं ते ती पानं लिहिणाऱ्यानंच केलं.

शेवटच्या वर्षाच्या कामासाठी प्रत्येकानं एक जुनी वस्ती मोजून तिचा नकाशा काढायचा होता. मी आमची गल्ली घेतली. सरांच्या तक्त्यात एक रकाना होता: घरापुढची जागा खासगी की सार्वजनिक? मी दारोदार विचारत गेलो, “जगुली यारदु? कुणाची?” आणि गल्लीला वाटलं की शिंप्याचा पोर घरपट्टीवाल्यांना सामील झाला. बांधकाम जास्त लिहिलं तर पट्टी वाढणार. मला जिनं आंघोळ घातली ती पार्वतम्मा क्षणात मऊ झाली. “रस्तेदु, मरी, रस्त्याची, पोरा! माझं काय आहे इथं? मी आपली बसते स्वल्प.” स्वल्प म्हणजे थोडी, स्वल्प बसून तिला तिथं चाळीस वर्षं झाली होती. शेट्टी ढेपांमधून म्हणाले, “आमचे आजोबासुद्धा रस्त्यावरच बसायचे रे. गरीब माणसं आम्ही.” खादरमियाँ तर हात जोडून म्हणाले, “सरकार की है, बाबा. हम तो मेहमान हैं.” अठरा घरं, अठरा उत्तरं, सगळी एक. पाच भाषांच्या त्या गल्लीचं एकाच गोष्टीवर एकमत झालेलं मी तेवढंच पाहिलं.

एकोणिसावं घर आमचं. अप्पा कोटाची बाही लावत होते. मी विनोदानंच विचारलं, “शिंपीअण्णा, जगुली यारदु?”

“आपली,” अप्पा म्हणाले. मशीन थांबवलंसुद्धा नाही. “तुझ्या पणजोबांनी दगड बसवलेत. खरेदीखतात आहे, लांबीरुंदीसकट. लिहून घे.”

शेट्टी पलीकडून हसले. “अण्णा, खरं बोलून उगाच पट्टी वाढवून घ्याल.”

“मोजायला बसलाय तो,” अप्पा म्हणाले. “मोजणाऱ्याला खोटं सांगितलं तर कपडा मग अंगावर बसत नाही.”

मी लिहून घेतलं. वहीत आहे ते अजून, निळ्या शाईत.

नकाशा काढायला महिना गेला. रस्त्याच्या मालकीच्या जागेत बारीक तिरप्या रेघा भरायच्या, घरं कोरी ठेवायची, अशी पद्धत. गल्लीच्या दोन्ही अंगांनी तिरप्या रेघांचा एकेक पट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, नदीच्या काठासारखा. त्याच्या कडेला मी जी सरळ रेघ मारली तशी रेघ सरांनाही जमली नसती. फक्त एका पट्ट्याच्या मधोमध एक कोरी चौकट. पडलेल्या दातासारखी. आमची जगुली. मी कागद लांब धरून पाहिला, जवळ धरून पाहिला, उलटा धरून पाहिला. नजर सारखी तिथंच जाऊन अडखळायची. नकाशा द्यायच्या आदल्या दिवशी दुपारी मी बाहेर दाराशी बसून ती चौकट भरली. सतरा रेघा लागल्या. अक्का शेजारी अवरेकाळू सोलत होती. तिनं मान वर करून एकदा पाहिलं आणि परत खाली घातली. तिला नकाशा कळत नाही, असं मी धरून चाललो.

माझा पहिला नंबर आला. नकाशा कॉलेजच्या दालनात लागला, आणि पाहुणे म्हणून आलेले एका सरकारी खात्याचे साहेब त्याच्यापुढं अर्धा तास उभे राहिले. कुठलं खातं ते सांगत नाही. त्यांचे नातू सज्जन आहेत. साहेबांचे मोजणीवाले पेटेतल्या गल्ल्यांतून दोनदा मार खाऊन परतले होते. आणि इथं एका पोरानं अख्खी गल्ली मोजली, वर रहिवाशांच्या तोंडून वदवून घेतलं की पुढची जागा रस्त्याची! साहेबांनी नकाशा मागितला, सरांनी छाती काढून दिला. मला सरांनी आपल्या ऑफिसात जागा देऊ केली. मी त्या दिवशी घरी चालत आलो नाही, जमिनीपासून वीतभर वरून आलो.

महिन्याभरानं गल्लीत चुन्याची पांढरी फक्की पडली. दोन्ही अंगांना, जगुल्यांच्या मागून, भिंतींना चिकटून. रस्ता रुंद होणार, मोटार येणार, जगुल्या जाणार. रस्त्याच्याच असल्यामुळं भरपाईचा प्रश्न नाही. तोवर गल्लीत कुणाकडं मोटार होती म्हणाल तर खादरमियाँच्या नातवाकडं, लाकडी, तीन चाकांची.

“बाहेर काढा त्याला! त्या नकाशावाल्याला बाहेर काढा!” शेट्टी सगळ्यांत पुढं होते, हातात गूळ फोडायची पहार. मागं पार्वतम्मा, खादरमियाँ, त्यांची मुलं, सुना, आणि शेजारच्या गल्लीतली फुकटची माणसं. मला तरी तीनचार हजार वाटली, अक्का म्हणते चाळीस होती. “आम्हाला बुडवलंस! शाळा शिकून शेजाऱ्यांच्या दारावर नांगर घातलास!” पार्वतम्मा म्हणाली, “स्वतःची वाचवली असेल यानं! बघा, स्वतःची वाचवली असणार! शिंपी आपल्या कोटाला कापड कमी पाडतो होय?”

मी आतून नकाशाची निळी प्रत आणून मशीनच्या फळीवर पसरली. काय करणार? शेट्टींनी गुळाचं बोट पट्ट्यावरून सरकवत आणलं. त्यांचं घर, तिरप्या रेघा. पुढं आमचं घर. तिरप्या रेघा. बोट थांबलं. ते वाकले, पुन्हा पाहिलं. मागची गर्दीही वाकली.

“आपल्या बापाचीसुद्धा सोडली नाही,” शेट्टी हळू म्हणाले.

“लड़का ईमानदार है,” खादरमियाँ म्हणाले.

पार्वतम्मा थुंकली, पण बाजूला थुंकली. आणि मी, ज्याला बोलायला कधी विषय लागला नाही, तो ती शाबासकी गिळून तिथं उभा राहिलो. शेट्टी साक्षीदार होते, अप्पा काय म्हणाले ते त्यांनी ऐकलं होतं, पण रागाच्या भरात ते त्यांना आठवलं नाही. अप्पांना आठवलं. ते पुढं आले, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि कापडाची वीण बघावी तसा तो तुकडा बघत राहिले. अंगठा सतरा रेघांवर ठेवला. मग कातर उचलून आत गेले.

त्या दिवशी जेवताना रागीमुद्दे, म्हणजे नाचणीच्या उकडीचा गोळा, मी नुसताच चिवडत बसलो. अप्पा आधीच जेवून उठले होते. अक्कानं माझ्या पानात हुळी ओतली, वाढली म्हणता येणार नाही.

“लोकांनी भीतीपोटी खोटं सांगितलं,” ती म्हणाली. “तू कशापोटी लिहिलंस?”

“नकाशा नीट दिसत नव्हता,” मी म्हणालो. साठ वर्षं शोधतोय, याहून बरं उत्तर अजून सापडलेलं नाही.

“सोमवारी तक्रारी ऐकणार आहेत. अप्पा खरेदीखत दाखवतील. मग तू काय दाखवशील रे?”

सोमवारी आम्ही सगळे त्या खात्याच्या दालनात गेलो. साहेब टेबलामागं, त्यांच्या शेजारच्या खुर्चीत आमचे सर, आणि भिंतीवर माझा नकाशा. अप्पांच्या काखेत पत्र्याची नळी होती, तिच्यात खरेदीखत. माझी वही माझ्या पिशवीत होती. साहेबांनी शेट्टींना उभं केलं. “आता म्हणता जगुली तुमची. मग मुलाला रस्त्याची का सांगितलीत? घरपट्टी चुकवायला? कागद आहे?” शेट्टींकडं कागद नव्हता. कुणाकडंच नव्हता, ज्यानं त्यानं पुढं सरकून बांधलेलं. एकेक जण खाली बसत गेला. खादरमियाँ तर उठलेच नाहीत.

“शिंपी तुम्ही?” साहेब म्हणाले. “नकाशात तुमचीही रस्त्याची आहे. तुम्ही मुलाला तसंच सांगितलंत ना? का मुलानं मनानं काढलं? तसं असेल तर आत्ताच सांगा. मग सरांना याचा पहिला नंबर परत घ्यावा लागेल, आणि मी त्याला सोडणार नाही.”

सर माझ्याकडं वळले. बुशशर्टाला पहिल्यांदा एक सुरकुती पडलेली मी पाहिली. मी पिशवीवर हात ठेवला. वहीचा पुठ्ठ्याचा कोपरा कापडातून लागत होता. काढायची होती, बस, टेबलावर ठेवायची होती. एकवीस भाकऱ्या खाणारा, कबुतरांना तीन दिवस हाकलणाऱ्या बाईपुढं न हललेला मी. आयुष्यात मी दोनदाच गप्प बसलो, आणि दुसऱ्यांदा त्या दालनात. पाहायचं तेवढा वेळ अप्पांनी माझं तोंड पाहिलं. तो वेळ थोडा नव्हता.

“नकाशात आहे ते बरोबर आहे,” अप्पा म्हणाले, आणि नळी न उघडता खाली बसले.

सरांच्या ऑफिसात मी पुढं अकरा वर्षं काढली. माझ्या इमारती चांगल्या आहेत असं लोक म्हणतात. मी अडवत नाही.

आठवड्यानं पहारवाले आले. गल्लीच्या तोंडाशी पार्वतम्माची जगुली निघायला लागली, दगडावर पहार बसल्याचा आवाज एकेक घर ओलांडत आमच्याकडं येत होता. ती दगडावर मांडी घालून बसली होती, तिला दोघांनी उचलून बाजूला ठेवलं, आणि ती कुठल्याच भाषेत ओरडली नाही. अप्पांनी मशीनचा पट्टा काढला, गुंडाळून खिशात घातला, अर्धा कोट अक्काकडं दिला. मी दारात उभा होतो. आतल्या अंधारात मशीन कुठं मावणार, तिथं त्यांना दिसणार कसं, हे मला, नकाशावाल्याला, चांगलं माहीत होतं.

“अप्पा, तुम्ही खरं सांगायचं होतं,” मी म्हणालो. “मी कबूल केलं असतं.”

अप्पांनी माझ्याकडं पाहिलं नाही. ते मशीनच्या पायाला हात घालून वजनाचा अंदाज घेत होते.

“हे आत घ्यायला दोघं लागतात,” ते म्हणाले. “शेट्टींना हाक मार.”